नर पिल्लांच्या सहा नळ्या

१

"ह्या फ्रीझरात मेलेल्या माणसाला कूस बदलायला जागा नाही," माझ्या खांद्यामागे स्कंदर पुटपुटला. "नोकरी सोडून फ्रान्सला पळालेल्यांचे डबे इथे सुखाने झोपलेत, आणि आम्हाला म्हणे अर्धा खण पुरतो."

"पुटपुटू नकोस, हातमोजे दे," दुर्साफ म्हणाली.

तिने दार ओढलं तशी पांढरी वाफ आमच्या पायांवर उतरली. बाहेर जुलैचं ऊन ट्यूनिसच्या गच्च्या भाजत होतं आणि आत उणे ऐंशी. दुर्साफने खण ओढून एकेक डबा बाहेर काढला. मग सगळे परत आत ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला लागली.

"नाहीये."

"नीट बघ," ओल्फा म्हणाली. ती त्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, मशीनवाली.

"निळं झाकण, वर माझं नाव, आत सहा नळ्या. नाहीये, ओल्फा. डोळे आहेत मला."

"शुक्रवारी होता की," स्कंदर म्हणाला. "निघताना माझ्या हाताला लागला. तोच सरकवून मी मागचं काढलं."

"मी पण बघितला," ओल्फा म्हणाली. "तुझ्यानंतर कुलूप मीच लावलं."

दुर्साफ हातातला डबा धरून तशीच उभी राहिली. तिशी उलटलेली पोर, केफच्या डोंगरातून आलेली. आईने गल्लीभर सांगून ठेवलंय की माझी मुलगी मेंदूची डॉक्टर. डॉक्टर खरी, पण रोग्यांची नाही. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशी ती काचेच्या तबकडीत वाढवते. त्या पेशींना झाडासारख्या फांद्या फुटतात. फांदीच्या टोकाला काय हवं-नको ते पेशी आतून निरोप धाडून कळवते. त्या निरोपाला आरएनए म्हणायचं. एक प्रथिन तो निरोप बंद लखोट्यासारखा टोकापर्यंत पोचवतं. हा निरोप्याच काढून घेतला तर फांदीचं काय होतं, ह्या एका प्रश्नावर दुर्साफने चार वर्षं घातली होती. मला एवढं समजतं, कारण माझ्या नणंदेने भाजी निवडताना ते मला शिकवलं. शाळेने मला लवकर सोडलं, नणंदेने मात्र नाही.

ती नणंद रफीका, सगळ्यांची लल्ला, म्हणजे ताई, माझ्या दंडाला धरून उभी होती. निवृत्त झालेली जनुकशास्त्रज्ञ, आणि अख्खी संस्था अजून तिला टरकून असते. मोतीबिंदू काढल्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा होता. वाचायची मनाई म्हणून वाचायला मी.

संचालकांनी तिला बोलावलं त्याचं कारण साधं होतं. दुर्साफचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला आणि त्यावर मासिकाकडे निनावी तक्रार गेली. गुरुवारी कायमच्या जागेसाठी निवड होती. तोवर डाग धुतला गेला नाही तर नाव कटणार होतं, करार संपणार होता. आणि खोटे आकडे लावलेल्या पोस्टडॉकला मग ट्यूनिसमध्येच काय, कुठेही कुणी दारात उभं करत नाही. डाग धुवायचा एकच सोपा मार्ग होता, त्या सहा नळ्या पुन्हा तपासणे. नळ्यांत तिच्या पिल्लांच्या पेशींतून काढलेला आरएनए होता; कुठला किती, हे ओल्फाचं मशीन मोजतं आणि त्यावरून फांद्या धडधाकट की सुकलेल्या ते कळतं.

"दार लाव, थंडी जाते," लल्ला म्हणाली. "ह्या खोलीची किल्ली किती जणांकडे?"

"चौघांकडे. आम्ही तिघं आणि आमचे प्रमुख सी शादली," ओल्फा म्हणाली.

"बरं झालं. फार चालावं लागणार नाही. माझे गुडघे दुखतात."

"लल्ला, ह्या चौघांत मी पण आहे," दुर्साफ म्हणाली.

"ते मला मोजता येतं, पोरी."

२

तक्रार काय होती हे तीनच माणसांना माहीत होतं: संचालक, लल्ला आणि प्रयोगशाळेचे प्रमुख सी शादली, म्हणजे शादलीसाहेब. मासिकाचं पत्र एकट्या शादलींनाच आलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी. त्यांनी बाकीच्यांना सोमवारी सकाळी सांगितलं, तेही एवढंच, की दुर्साफच्या आकड्यांबद्दल कुणीतरी बोट दाखवलंय.

बोट मात्र नेमकं होतं. दुर्साफच्या सहापैकी तीन नळ्यांचे आकडे, संगणकावरच्या 'फेरतपासणी' नावाच्या फाईलमधून आलेले, सी शादलींच्याच बारा वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या लेखातल्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. तो लेख म्हणजे संस्थेचा देव्हारा. निरोप्या काढला की फांद्या सुकतात, असा त्यातला शोध. त्यावर पदक मिळालं, निधी आला, ही इमारत उभी राहिली.

स्कंदर आम्हाला उपाहारगृहात भेटला. हातात फ्रिकासे होता, तळलेल्या पावातून हरीसाची लाल चटणी ओठावर आलेली. मार्सेयहून परत आलेला, देखणा, बोलघेवडा. गुरुवारच्या जागेसाठी दुसरा उमेदवार तोच.

"म्हणजे संशय माझ्यावर," तो म्हणाला. "घ्या, लल्ला, एक घास घ्या. विष नाही."

"दातात अडकतं. तू काय करतोस इथे?"

"सी शादलींचा जुना प्रयोग पुढे नेतो. म्हणजे न्यायचा प्रयत्न करतो."

"जमतो?"

"प्रयोग जमला नाही की आम्ही म्हणतो, शहिली वाहत होती." शहिली म्हणजे वाळवंटाकडून येणारं ते भाजणारं वारं. डोकं दुखलं, नवऱ्याशी भांडण झालं, भात करपला, आपल्याकडे सगळं शहिलीमुळे.

"आणि तुमच्या प्रयोगशाळेत किती वेळा वाहते?"

"बारमाही," स्कंदर म्हणाला. तो हसला आणि मग पावाकडे बघत बसला.

"दुर्साफला पिल्लं फार लागायची का रे? जनावरांचा खर्च केवढा!"

"फार. तिच्या पिंजऱ्यावर मीच पाटी लावली होती, मुलींना प्रवेश नाही! ती चिडली, पण पाटी काढली नाही. लल्ला, तुम्हाला खरं सांगू? ती आकडे ढापणारी नाही. त्या तीन नळ्यांसाठी कोण आपलं आयुष्य जाळेल?"

"खरंय," लल्ला म्हणाली आणि उठली.

जिन्यात तिने माझा दंड जरा जास्तच जोरात दाबला. "ऐकलंस, वसीला?"

"काय? पाटीचं?"

"तू वाचतेस चांगलं," ती म्हणाली. "ऐकायला शीक."

३

ओल्फाकडे गेलो तर ती मशीन पुसत होती. आमच्याकडे वळून बघितलंही नाही तिने.

"सामाईक संगणक तो, कोपऱ्यातला. परवलीचा शब्द सगळ्यांना माहीत, फुटबॉल क्लबचं नाव. कोण कधी काय ठेवतं, कोण काय उचलतं, ते मी बघत बसू का? मला पगार मशीनचा मिळतो."

"तीन नळ्या परत तपासायला तुला कुणी दिल्या होत्या?"

तिचा फडका थांबला.

"नाही."

"मग फेरतपासणीची फाईल संगणकावर आली कुठून?"

"मला वाटलं दुर्साफने बाहेरून करून आणली."

"वाटलं?"

"वाटणं माझ्या करारात लिहिलेलं नाही, लल्ला." आता ती वळली. डोळे लाल होते. "माझा करार दर डिसेंबरला सी शादलींच्या सहीने वाढतो. दोन मुलं आहेत. नवरा स्फाक्सला. तुम्ही येणार, विचारणार, जाणार. मी इथेच राहणार. अजून काय विचारायचंय?"

"पिल्लांना फार त्रास होतो का गं?"

ह्या प्रश्नाने ती गोंधळली. "शेपटीचं टोक तेवढं घेते. त्यावरून नर-मादी मीच बघते. दुर्साफला नरच लागतात, माद्या परत आईकडे." मग एकदम कडू हसून म्हणाली, "तुम्हाला उंदरांची दया येते. बरं आहे."

माझे कान तापले. लल्लाचे नाहीत. तिने ओल्फाचा खरखरीत हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.

सी शादलींची खोली गार होती. भिंतीवर पदक घेतानाचा फोटो, टेबलावर कैरवानचे मक्रूद, खजुराचे, मधात बुडवलेले. ते उठून आले आणि लल्लाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. दोघं कॉलेजपासूनची, ती दोन वर्षं पुढे.

"रफीका, मला ह्या पोरीचं वाईट वाटतं गं," ते म्हणाले. "मुलीसारखी वाढवली मी तिला. पण आजकाल दडपण केवढं! एक जागा आणि दहा जण. एखादं पोर घसरतं. माझेच जुने आकडे उचलायचे म्हणजे... किती हा भाबडेपणा! चोरी केली तीही बापाच्याच घरात."

"म्हणजे तू धरूनच चाललास."

"मी काय धरणार? मी तर त्या नळ्यांना हातसुद्धा लावला नाही. दहा वर्षांत मी पांढरा कोट घातलेला नाही. मी वाचतो, विचार करतो. बाकी पोरं करतात."

"मक्रूद छान आहेत. शादली, पिल्लं मिळायला अडचण होते का रे हल्ली?"

"छे! आमची रीत जुनी आणि सोपी. आख्खी वीण एका भांड्यात. मुलगा-मुलगी भेद आमच्याकडे नाही, त्या बाबतीत आम्ही तुझ्यापेक्षा पुढारलेले!" ते मोठ्याने हसले. मीही हसले, उगाच, बाईमाणसाच्या सवयीने.

निघताना ते दारापर्यंत आले. "गुरुवारच्या आत संपव हे. तिला शांतपणे राजीनामा देऊ दे. मी शिफारसपत्र देईन. कुणाची बदनामी नको."

"कुणाची?" लल्लाने विचारलं.

"अगं, तिचीच," ते म्हणाले. दार मऊ आवाजात मिटलं.

४

जुलैत सगळ्यांची नोकरी एकाच सत्राची. दुपारी शहर झोपतं. दुर्साफ आमच्या बार्दोच्या घरी आली तेव्हा मी सारडीन साफ करत होते. तिने माझ्या हातातली सुरी घेतली आणि माशांची पोटं अशी फाडायला लागली की मला त्या मेलेल्या माशांची कीव आली.

"राजीनामा! मी द्यायचा! रमझानात उपाशीपोटी त्या पेशींना खाऊ घालायची मी. ईदच्या दिवशीसुद्धा. आईला सांगायची, माझी पिल्लं एकटी आहेत. आई म्हणायची, लग्न कर, तुझी स्वतःची होतील. आणि तो माणूस आज सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, मी समजू शकतो. काय समजू शकतो? काय समजू शकतो तो?"

"मासा मेलाय, सोड त्याला," मी म्हटलं.

"रागाव," लल्ला म्हणाली, "पण सलग सांग. पहिले आकडे आले तेव्हा काय दिसलं?"

"काही नाही! तेच तर. निरोप्या काढून टाकला तरी फांद्या धडधाकट. उलट जास्तच फुटल्या. मी सी शादलींना दाखवलं. ते म्हणाले, तीन नळ्यांतला आरएनए तुटलेला दिसतो. शहिलीत काम केलंस, पुन्हा तपास. आरएनए तुटतोच हो, कुणी शिंकलं तरी तुटतो. मी म्हटलं असेल. मग सामाईक संगणकावर 'फेरतपासणी' नावाची फाईल आली. मला वाटलं ओल्फाने केलं. ते तीन आकडे सी शादलींच्या बाजूने होते. सगळी सरासरी त्यांच्याकडे झुकली. लेख त्यांनी लिहिला, नाव माझं पहिलं. मला कसला आनंद झाला होता, लल्ला. मूर्ख मी."

"तू नरच का वापरायचीस?"

"कारण त्या निरोप्याचं जीन एक्स गुणसूत्रावर बसतं. नराकडे एक्स एकच. ते बिघडवलं की निरोप्या साफ गेला. मादीकडे दोन. एक बिघडलं तरी दुसरं काम चालवतं, आणि उत्तर धूसर होतं. म्हणून सहाच्या सहा नर. आणि तुलनेला ठेवलेले निरोगी, तेही नर."

"हे शादलीला माहीत होतं?"

दुर्साफने सुरी खाली ठेवली. "लेखात लिहायला मी सांगितलं होतं. त्यांनी शब्द कमी करताना ते वाक्य काढलं. म्हणाले, बारीकसारीक. ते वाचतात कुठे हो? सारांश वाचतात."

"वसीला, हात धू," लल्ला म्हणाली. "संगणक उघड. लेखासोबत छापलेला तक्ता काढ, सगळे आकडे असलेला."

बावीस हजार ओळी होत्या. दर ओळीला एक आरएनए, दर रकान्याला एक नळी. लल्लाने एक नाव सांगितलं, मी ते शोधलं.

"हा कोण?" मी विचारलं.

"हा फक्त माद्यांच्या पेशींत तयार होतो," लल्ला म्हणाली. "दोन एक्स एकदम बोलायला लागले तर पेशीत गोंधळ. म्हणून हा त्यातल्या एकावर गोधडीसारखा पसरतो आणि त्याला गप्प बसवतो. नराकडे गप्प करायला दुसरं एक्सच नाही. त्यामुळे नरांत हा नसतो. वाच."

मी निरोगी पिल्लांचे रकाने वाचले. शून्य. शून्य. एखाद-दुसरा कचरा. मग दुर्साफच्या सहा नळ्या. पहिली शून्य. दुसरी शून्य. तिसरी शून्य.

चौथ्या रकान्यावर माझी जीभ अडखळली.

"वाच ना," लल्ला म्हणाली.

"हजारांत आहे," मी म्हटलं. "पाचवीतही. सहावीतही."

दुर्साफ माझ्या खांद्यावरून वाकली. तिच्या हातांना माशाचा वास येत होता.

"मी ही ओळ बघितलीच नाही," ती म्हणाली. "मला हव्या त्या शंभर बघितल्या. ही कोण बघतं?"

"कुणीच बघत नाही," लल्ला म्हणाली. "ज्याने फाईल ठेवली, त्यानेही नाही."

५

बुधवारी दुपारी इमारत रिकामी झाल्यावर लल्लाने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. पंखा गरम हवा फिरवत होता. सी शादली टेबलाच्या डोक्याशी, ओल्फा दाराजवळ, स्कंदर खिडकीला. दुर्साफ उभीच राहिली.

लल्लाने तक्त्याची ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाली, "ह्या तीन नळ्या दुर्साफच्या नव्हेत, हे तर झालं. त्या नर-माद्या एकत्र केलेल्या विणीच्या आहेत. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या. आता, हे कुणी केलं? दुर्साफ सहा नरांवर काम करते हे ज्याला माहीत आहे, तो माद्यांचे आकडे उचलणार नाही. स्वतःच्या पायांचे ठसे मागे ठेवून कुठला चोर जातो? तिच्या निरोगी नरांचे ढीगभर आकडे त्याच संगणकावर पडलेत, ते थोडे फिरवले असते की कुणाच्या बापाला कळलं नसतं. दुर्साफला नरांचं माहीत होतं. ओल्फा स्वतः शेपट्या तपासायची. स्कंदरने तर पिंजऱ्यावर पाटी लावली."

ती सी शादलींकडे वळली. पंखा कुरकुरला.

"आणि परवा मला एकाच माणसाने सांगितलं की इथे आख्खी वीण एका भांड्यात जाते."

"रफीका," सी शादली हळूच म्हणाले, "मी मक्रूद खाताना जे बोललो त्यावर तू मला फाशी देणार?"

"एवढ्यावर नाही. डबा शुक्रवारी कुलूप लावताना जागेवर होता आणि सोमवारी नव्हता. तक्रार आल्याचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी फक्त तुला मिळालं. ह्यांना तू सोमवारी सांगितलंस. ज्याला तक्रारच माहीत नाही, तो शनिवार-रविवारी येऊन बरोबर तोच डबा का उचलेल?"

"तक्रार करणाऱ्यालाही माहीत होती!"

"होती ना," लल्ला म्हणाली. "म्हणून त्यालाही मी मोजलं. तक्रारीत नळ्या तीनच आहेत हे कुणाला सांगितलं नव्हतं. स्कंदर मात्र मला म्हणाला, 'त्या तीन नळ्या.'"

दुर्साफ गर्रकन वळली. "तू?"

स्कंदरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू लिहिलंस? माझ्यावर? त्या एका खुर्चीसाठी?"

"तुझ्यावर नाही गं," तो म्हणाला.

"बघितलंत!" सी शादलींनी टेबलावर हात आपटला. "हा निघाला साप! स्पर्धक, निनावी तक्रार, डबाही ह्यानेच..."

"त्याला नर माहीत होते, शादली," लल्ला म्हणाली. "दोन्ही चाळण्यांतून खाली पडणारा एकच माणूस आहे. पत्र माहीत होतं आणि पिल्लं माहीत नव्हती."

६

मला वाटलं होतं, ते कोसळतील. नाही. सी शादली खुर्चीत मागे टेकले, घाम पुसला आणि बापाच्या मायेने हसले.

"ठीक. क्षणभर धरू की तू म्हणतेस तसं. पण का? रफीका, तू शास्त्रज्ञ. कारण सांग. माझा शोध बारा वर्षांपूर्वी सिद्ध झालाय. जग तो शिकवतं. मला ह्या केफच्या पोरीच्या तीन नळ्यांची काय गरज? तिचं उलटं आलं असतं तर तिचं चुकलं असतं, एवढंच. मला काय फरक पडत होता? सांगा ना कुणीतरी. काय गरज होती मला?"

कुणी बोललं नाही.

ओल्फा फरशीकडे बघत होती. स्कंदर खिडकीबाहेर. मी आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं आणि माझ्या अडाणी डोक्यात उजाडलं: उत्तर ह्या खोलीतल्या प्रत्येकाच्या जिभेवर आहे आणि प्रत्येक जण ते गिळतोय. आजच नव्हे, वर्षानुवर्षं. ह्या गिळण्यावर ह्यांचे करार वाढत होते, विमानाची तिकिटं येत होती, छताला रंग लागत होता. मला असा संताप आला की वाटलं, उठून त्या फोटोतल्या पदकाची दोरी ओढावी.

"लल्ला, तुम्ही सांगा," दुर्साफ म्हणाली.

"मी नाही. मी निवृत्त बाई, संध्याकाळी घरी जाऊन टरबूज खाणार. मी बोलले तर हा म्हणेल, म्हातारी जळते. हे इथल्याच कुणीतरी बोलायला हवं."

"मग मी बोलते!"

"तू बोललीस," सी शादली म्हणाले, "तर आरोपी बोलते. बोल ना. उद्या निवड समितीसमोर पण बोल." आणि मग आवाज खाली, अगदी प्रेमळ: "ओल्फा, बेटा, डिसेंबर काही लांब नाही. तुला काही म्हणायचंय?"

ओल्फाचे ओठ हलले. तिने मान हलवली, नाही अशी. दुर्साफने डोळे मिटून घेतले.

"स्कंदर? तुला तर उद्याची जागा मिळतेच आहे. निनावी कागदाचं मी विसरेन. मी पोरांच्या चुका विसरतो. बोल, तुझं काय?"

मग स्कंदरने खिशातून आपली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ती लाकडावर वाजली.

"मी भित्रा आहे," तो दुर्साफला म्हणाला. "मला वाटलं निनावी लिहिलं की बाण वर, ह्यांच्याकडे जाईल. तो तुला लागला आणि मी फ्रिकासे खात बसलो. थुंक माझ्यावर, पण नंतर."

"तोंड सांभाळून," सी शादली म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"ते तीन आकडे मी बघताक्षणी ओळखले, सी शादली. आईचा वाढदिवस विसरेन, ते आकडे विसरणार नाही. तुमचा प्रयोग करून ते आकडे आणायला मी तीन वर्षं मेलोय. आलेच नाहीत. माझ्या आधी लमिया होती. ती रडत आपल्या गावी, सूसला परत गेली, आणि तुम्ही म्हणालात तिचे हात कच्चे. तिच्या आधी तो लंबू मुनीर. त्याचेही कच्चे. ओल्फाने आमच्या सगळ्यांच्या नळ्या मशीनमध्ये घातल्या, तिने सगळ्यांचे आकडे बघितले. विचारा तिला. नका विचारू, तिला मुलं आहेत. दुर्साफचे हात आमच्या सगळ्यांत पक्के, तिने निरोप्या मुळापासून काढला आणि तिलाही तेच दिसलं. म्हणून तुम्हाला गरज होती."

"बस खाली!"

"नाही बसत." त्याचा आवाज फाटला. दाराजवळ ओल्फा रडत होती, पण आता तिची मान वर होती, आणि ती होकाराने हलत होती, पुन्हा पुन्हा. "फांद्या सुकत नाहीत, सी शादली. माझ्या सुकल्या नाहीत, हिच्या सुकल्या नाहीत, ह्या इमारतीत कुणाच्याच कधी सुकल्या नाहीत. बारा वर्षांपूर्वी तुमच्याही सुकल्या नव्हत्या."